ज्या बाईला ठरवता येत नाही तिचं गाणं

९ जून
मासळीचा कारखाना, शहरापासून बोटीने सात तास

आणि थोरली बहीण असून वर मलाच विचारतेस, एजे, की एका गाण्यावरून कुणी माणूस जोखतं का? जोखतं. मी जोखतो. सकाळी आठ वाजता, भरलेल्या मिनीबसमध्ये, म्हाताऱ्या बायका आणि दुधाचे कॅन मांडीला मांडी लावून बसलेले असताना ज्याला तेच एक गाणं सलग चार वेळा लावावंसं वाटतं, त्याच्या डोक्यात काय आहे ते मला लांबून दिसतं. मोकळी जागा आहे.

तू लिहिलंस की बेकमिर्झा दारूला शिवत नाही, गाडी त्याची स्वतःची आहे, आईला जपतो, आणि हिवाळ्यात नारिनचा घाट उतरावा तर त्यानेच. सगळं कबूल. पण मी त्याला लायसन देत नाहीये, बहीण देतोय.

आता ते गाणं घे. तुला पाठ असेलच. तरी लिहून दाखवतो, म्हणजे कागदावर ते किती उघडं पडतं ते कळेल.

बर्फ वितळला, तू नाही आलास,
रस्ता उघडला, तू नाही आलास,
परत ये, परत ये,
नको, नको येऊस,
नको येऊस... परत ये!

बाई गं, काहीतरी एक ठरव की! ये म्हणायचं तर ये म्हण, नको असेल तर दार लाव आणि झोप. आणि हे सगळं कशावर, तर खालून ढिंच्याक ढिंच्याक. बाबा कोमूज हातात घ्यायचे, तारा छेडून एक ओळ म्हणायचे, की डोंगर उभा राहायचा, घोडा दिसायचा, घोड्यावरचा माणूस कुठे निघालाय तेही कळायचं. ह्यात काय दिसतं? फोन हातात धरून बसलेली एक मुलगी. बाबा गेले त्या वर्षी हे गाणं लग्नात, बाजारात, न्हाव्याच्या दुकानात, सगळीकडे होतं. म्हणून काय ते चांगलं झालं? त्या वर्षी सर्दीपण सगळ्यांना झाली होती.

काकांनी तुला बरोबर सांगितलं. बाबा नाहीत, तेव्हा माझा होकार आल्याशिवाय घरात कानातल्याची डबी उघडायची नाही. त्याची आई जनावरं डोंगरावरून खाली आली की मागणीची कानातली घेऊन येणार म्हणतेस, तर तिला सांगून ठेव, उगाच येऊ नका. तू एकोणतीस वर्षांची झालीस हे मला मोजून दाखवू नकोस. गावाला मोजू दे, त्यांना दुसरं काम नाही.

तू म्हणशील कुतमानने नुसत्या एका गाण्यावरून नकार दिला. बरं. बाबांना शेवटचं घरी आणलं त्या दिवशी त्याच्या गाडीत काय वाजत होतं ते तू विसरली असशील. मी विसरलो नाही.

बोट निघतेय. आईला सांग मी जेवतो.

कुतमान

१ जुलै

एजे, तुझं पत्र पावाच्या पोत्यांबरोबर आलं. महिन्यात दोनदा बोट येते, पाव, मीठ आणि टपाल एकदमच उतरतं. फोनला इथे रेंज नाही, कुणालाच नाही, म्हणून रागावू नकोस. शहरातून विमानाने गावाकडे जाणारं कुणी भेटलं की तेच आपलं टपालखातं.

तू विचारलंस काम कसं आहे. ओलं आहे. लांबलचक शेड, मधे दोन पट्टे, प्रत्येक पट्ट्यावर चौदा माणसं. मासा येतो, डोकं उडवायचं, पोट फाडायचं, गाबोळी वेगळ्या घमेल्यात, बाकीचं क्रेटमध्ये. बारा तास. हात झोपेतही चालतात, बाजूचा सांगतो.

आता हस, कारण हसण्यासारखंच आहे. शेडमध्ये भिंतीवर एक भोंगा आहे. ज्या पट्ट्याचे क्रेट दिवसाअखेर जास्त भरतील, दुसऱ्या दिवशी भोंग्याला त्या पट्ट्याचा पेनड्राइव्ह. इथे बक्षीस एवढंच. बोनस मागितला तर मुकादमाला ऐकू येत नाही, पण पेनड्राइव्हसाठी माणसं एकमेकांचा जीव घेतील. आणि समोरच्या पट्ट्याला आहे तुर्सुनाय-आपा, ओशकडची, पन्नाशीची, बोटं अशी चालतात की मासाच लाजून पोट उघडतो. तिचा पट्टा रोज जिंकतो. आणि तिच्या पेनड्राइव्हवर पहिलं गाणं कुठलं असेल?

परत ये, नको येऊस.

दिवसाला किती वेळा, ते मी मोजणं सोडलं. पहिल्या आठवड्यात तिने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि पट्ट्यावरून ओरडली, "काय रे नारिनवाल्या, मासा कडू लागला का?"

मी म्हटलं, "आपा, ते गाणं बंद करा."

"जिंक आणि कर."

मग आम्ही जिंकलो. मी आमच्या पट्ट्यावरच्या पोरांच्या मागे लागलो, जेवणाची सुट्टी अर्धी केली, आणि परवा आमचे क्रेट नऊने जास्त भरले. काल सकाळी मी माझा पेनड्राइव्ह लावला. नुसतं कोमूज. बाबा वाजवायचे तसल्याच जुन्या चाली. शेडमध्ये सगळे गप्प झाले. मला वाटलं, बघा, कसं मनाला लागलं. तासाभराने कळलं की लागलं नव्हतं, पेंगत होते. आमच्या पट्ट्यावरचा एक पोरगा उभ्या उभ्या झोपला आणि त्याच्या पुढून अकरा मासे डोक्यासकट निघून गेले. मुकादम आला, भोंग्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, म्हणाला, "कोण वारलंय?"

तुर्सुनाय-आपा सुरा पुसत म्हणाली, "पोरा, ह्यावर रडता येतं. मासा फाडता येत नाही."

दुपारी चहाला माझ्याशेजारी येऊन बसली. "तुझं आवडतं गाणं कुठलं रे?"

मी बाबांची दोन-तीन सांगितली.

"बापाची नको सांगूस. तुझं सांग."

मी म्हटलं, चांगलं असेल ते कुठलंही. ती म्हणाली, "म्हणजे एकही नाही," आणि उठून गेली. हे तुला का सांगतोय कळत नाही. झोप आली आहे.

होकार नाही. पुन्हा विचारू नकोस.

कुतमान

२२ जुलै

एजे, तू ह्या वेळी एकच ओळ लिहिलीस. 'त्या दिवसाबद्दल तुला काय माहीत आहे ते आधी तू लिही.' बरं, लिहितो. तुझ्यासमोर बोललो नसतो.

मी उन्हाळी कुरणावर होतो. एक घोडेस्वार सांगत आला की डॉक्टरांनी बाबांना घरी न्यायला सांगितलंय, बेकमिर्झाची गाडी घेऊन तुझी बहीण जिबेक निघाली आहे, तू फाट्यावर जाऊन थांब. मी थांबलो. सगळी दुपार थांबलो. गाडी आली, दार उघडलं, आणि आधी गाणं बाहेर आलं. 'परत ये, परत ये'. मग मी आत बघितलं. मागच्या सीटवर बाबा, तोंडावर तुझी ओढणी. तू त्यांच्या पायाशी. पुढे तो, दोन्ही हात स्टिअरिंगवर, आणि टेप चालू. घरी पोचायला वीस मिनिटं लागली. वीस मिनिटं मी बाबांचं डोकं मांडीवर धरून बसलो आणि ती बाई ठरवू शकली नाही.

आपल्यात माणूस गेला की घरातला रेडिओसुद्धा झाकतात. शेजारी लग्न असलं तरी ते वाजवत नाहीत. आणि ह्याने मयताच्या गाडीत नाचाचं गाणं लावलं.

पुढचं गावाने पाहिलं. अंगणात माणसं बाबांना ठेवायला लोकरी नमद्याचा तंबू उभारत होती, बायकांनी आत रडायला सुरुवात केली होती, मुलाने म्हणून मी काठी धरून तंबूबाहेर उभं राहायचं होतं. मी गाडीकडे गेलो. सुरीने टेप उचकटला, तारांसकट, आणि पाटाच्या पाण्यात फेकला. तो बाजूला उभा होता. मी त्याच्या तोंडात मारली. तो काहीच बोलला नाही. एक शब्द नाही. चूक नसती तर माणूस बोलला असता.

चाळिसावा दिवस झाला आणि मी निघालो. तेव्हापासून निघतोच आहे, तू म्हणतेस ते खरं आहे. नोवोसिबिर्स्कला गोदामात, मग मॉस्कोला लिफ्ट बसवायला, आता इथे. एका जागी सहा महिने झाले की पाय खाजतात.

आता एक गोष्ट जी कुणालाच सांगितली नाही. मी चौदा वर्षांचा असताना हिवाळ्यात सारमेर्देन आपल्या घरी होता, तुला आठवतं? सगळं गाव गोल बसलेलं, गाणं एकाकडून दुसऱ्याकडे फिरतंय, ज्याच्याकडे गाणं नाही त्याला मिठाचं पाणी. माझ्यावर आलं तेव्हा मी त्या वर्षीचं रेडिओवरचं गाणं म्हटलं. मनापासून म्हटलं. मला वाटायचं जगात त्याच्यासारखं गाणं नाही. बाबांनी दुसऱ्या कडव्यात हात वर केला आणि म्हणाले, "पुढच्याला द्या. हे गाणं नव्हे, घोडीला डास चावलाय." सगळे हसले. तूपण हसलीस. मी मिठाचं पाणी प्यालो. त्यानंतर मी गायलो नाही.

मग बाबा गेले, आणि मला वाटलं, निदान एवढं तरी करावं, त्यांना जे आवडायचं नाही ते मला आवडू द्यायचं नाही. मुलाने बापाचं दुसरं काय सांभाळायचं? घोडा काकांकडे गेला, कोमूज तुझ्याकडे.

लिहिलं. आता तू सांग, ह्या माणसाला मी हो कसं म्हणू?

कुतमान

१५ ऑगस्ट

एजे, तुझं जाड पाकीट तुर्सुनाय-आपाच्या पुतण्याने हातात आणून दिलं, कुरुतच्या, आपल्या वाळवलेल्या दह्याच्या गोळ्यांच्या, पिशवीत घालून. कुरुत सगळ्यांना वाटले. पत्र मात्र चार दिवस उशाखाली होतं. पहिल्या दिवशी वाचलं, मग पुन्हा उघडलं नाही.

माझं शिक्षण तुला माहीत आहे. म्हणून तू लिहिलंस ते मी माझ्या शब्दांत परत लिहितो, चुकलं असेल तर सांग.

बाबा दर बाजाराच्या दिवशी बेकमिर्झाच्या शेजारी पुढच्या सीटवर बसायचे. पहिल्यांदा ते गाणं लागलं तेव्हा म्हणाले, ही काय घाण. दुसऱ्या आठवड्यात म्हणाले, हिला ठरवता येत नाही का. तिसऱ्या आठवड्यात म्हणाले, मिर्झा, लाव बरं, बघू ह्या वेळी तरी ठरवते का. मग दर वेळी. मागच्या बायका वैतागायच्या आणि बेकमिर्झाला शिव्या द्यायच्या, की एकच गाणं किती वेळा लावशील. आणि बाबा त्यांच्याबरोबर मान हलवायचे, म्हणायचे, हल्लीची पोरं!

म्हणजे सकाळी आठ वाजता चार वेळा गाणं लावायला सांगणारा माणूस आपला बाप होता.

हे वाचलं तेव्हा मी हसलो, एजे. एकटाच. बाजूच्या खाटेवरच्याने विचारलं काय झालं, मी म्हटलं काही नाही, घरून पत्र आहे.

आणि त्या दिवशी. हॉस्पिटलमधून निघाल्यावर बाबा शुद्धीवर होते. बेकमिर्झाने टेप लावलाच नव्हता. घाट चढताना बाबाच म्हणाले, "मिर्झा, ती कुठे आहे? जिला ठरवता येत नाही ती?" त्याने तुझ्याकडे बघितलं, तू मान हलवलीस, त्याने लावलं. संपलं की बाबा बोट वर करायचे, पुन्हा. दुसऱ्यांदा ऐकताना ते ओठ हलवत होते. तिसऱ्यांदा चालू असताना तुला त्यांचा हात जड लागला. बेकमिर्झा बंद करायला गेला, तू म्हणालीस, राहू दे. तुला वाटलं बंद केलं की ते खरंच गेले असं होईल. तेवढ्यात फाटा आला, आणि फाट्यावर मी.

आणि घरी बायकांनी विचारलं, शेवटचा शब्द काय होता? तू म्हणालीस, कलमा म्हणाले. आईने तुझे हात धरले आणि म्हणाली, माझ्या माणसाचं चांगलं झालं. मग तू खरं कसं सांगणार होतीस? सारमेर्देनमध्ये रेडिओची गाणी म्हणणाऱ्या पोरांना मिठाचं पाणी पाजणारा आपला बाप, सादिर, 'नको येऊस, परत ये' ऐकत गेला, असं? गाव आयुष्यभर हसलं असतं. मलाही नाही सांगितलंस, कारण मी बोललो असतो. बरोबर. मी तेव्हा बोललो असतो. ओरडून बोललो असतो.

आणि तू लिहितेस, मी त्याला मारलं तेव्हा तुझी नजर त्याच्यावर होती आणि त्याची तुझ्यावर, आणि त्याने फक्त मान हलवली, की बोलू नकोस. त्यानंतर वर्षभर गाडीत टेप बसवला नाही. गावातली पोरं त्याला 'मुकी गाडी' म्हणायची. हे मला माहीतच नव्हतं.

राग आला का, विचारतेस. पहिल्या दिवशी आला. तुझ्यावर. तीन वर्षं, एजे. तीन वर्षं मी न आवडण्याची नोकरी करतोय, सुट्टी न घेता. चांगलं गाणं कानावर पडलं की आधी बघायचो, बाबांना चाललं असतं का. पावलं आपोआप ठेका धरायची तर पाय आवळून धरायचो. आणि तिकडे ते स्वतः पुढच्या सीटवर बसून बोट वर करत होते, की पुन्हा.

दुसऱ्या दिवशी राग बाबांवर आला. त्या मिठाच्या पाण्यासाठी. तोही उतरला.

आता एक विचारतो. दुसरं कडवं तू नीट ऐकलंस का कधी? मीही ऐकलं नव्हतं, खोटं नाही बोलत. म्हणजे कानावर हजार वेळा पडलं, ऐकलं नव्हतं. परवा भोंग्यावर लागलं तेव्हा मी सुरा खाली ठेवला.

दोन पियाल्यांत चहा ओतला,
एक तुझा, तो गार झाला,
गार झाला तोही मीच प्याले,
आता सांग, कुणाची वाट बघू?

आणि मग पुन्हा ते परत ये, नको येऊस. ह्या वेळी मला ते मूर्खपणाचं वाटलं नाही. तिला ठरवता येत नाही कारण ठरवण्यासारखं तिच्या हातात काही नाही. चहा मात्र तिला रोज दोन पियाल्यांत ओतावा लागतो. मासे पुढे निघून चालले होते. तुर्सुनाय-आपा ओरडली, "नारिनवाल्या! कुणी आलं का परत?"

मी म्हटलं, "आपा, तुम्हाला हे गाणं का आवडतं?"

ती म्हणाली, "माझा नवरा बारा वर्षांपूर्वी सुरगुतला कामाला गेला. पहिली दोन वर्षं फोन करायचा." मग मासा उचलला, पोट फाडलं. "आणि ठेका चांगला आहे. नवऱ्यासाठी कोण ऐकतंय, ठेका चांगला आहे म्हणून ऐकते मी."

बाबा कुणाची वाट बघत होते? तुला काही माहीत असेल तर लिहू नकोस. मी विचार केला, माझी असेल. मी तेव्हा उन्हाळाभर कुरणावर असायचो, हिवाळ्यात शहरात, घरी आलो तरी घरात नसायचो. मग वाटलं, आपण आपल्यालाच फार मोठं करतोय. कदाचित त्यांनाही ठेकाच आवडला असेल. माणसाला आपल्या गाण्याचं कारण द्यावं लागू नये.

होकाराचं ह्या पत्रात लिहीत नाही. मला आधी त्याच्याशी बोलायचं आहे, आणि इथून बोलता येत नाही. मासळी दहा-बारा दिवसांत संपेल. मग शहरात.

कुतमान

१० सप्टेंबर
शहरातून

एजे, बेकमिर्झांना फोन केला. त्यांनी तुला सांगितलं नसेल, म्हणून मी सांगतो.

बंदरावर उतरलो, आंघोळ केली, तीन वेळा नंबर लावून कापला. चौथ्यांदा त्यांनी उचलला. मागे इंजिनाचा आवाज.

"कोण?"

"मिर्झा-आके, मी कुतमान."

तीन वर्षांनी त्यांना आके, दादा, म्हटलं.

"गाडी बाजूला घेतो," ते म्हणाले.

"घ्या."

"घेतली."

"घाटात बर्फ पडला का?"

"वरच्या अंगाला जरा पडला. टिकला नाही."

"टायर कसे आहेत?"

"मागचे दोन नवीन टाकले."

"आणि पुढचे?"

"पुढचे हा हिवाळा काढतील."

"पुढचेपण बदला," मी म्हटलं. "माझी बहीण पुढे बसते."

मग मी मनात जुळवून ठेवलेलं बोलायला लागलो, की आके, त्या दिवशी मी जे केलं ते... तर मधेच म्हणाले, "कुतमान, गाडी भरलेली आहे. सात म्हाताऱ्या आहेत. सगळ्या ऐकतायत." आणि मागून खरंच एक आवाज आला, "कोण रे, सादिरचा पोरगा का? त्याला विचार, आम्ही मरायच्या आधी बहिणीचं लग्न करून देणार का?" दुसरी म्हणाली, "त्याला म्हणावं घरी ये आधी, हाडं दिसत असतील." मिर्झा-आके म्हणाले, "ऐकलंस?" मी म्हटलं ऐकलं. मग दोघेही हसलो, थोडं, पुरुष हसतात तसं, नाकातून. माफी मागायची राहिलीच. समोर आल्यावर मागेन, तोपर्यंत त्यांच्याकडेच असू दे.

आता कामाचं.

काका फोनवरचं मानत नाहीत, म्हणून ह्या पाकिटात वेगळा कागद ठेवला आहे, तो त्यांना सगळ्यांसमोर वाचून दाखव. त्यात एवढंच आहे की सादिरचा मुलगा कुतमान हो म्हणतो, डबी उघडा, आणि जिबेकच्या कानात मिर्झा-आकेंच्या आईने स्वतःच्या हाताने घालावीत. अक्षर वाईट आहे, पण सही माझी आहे.

आईला काही सांगू नकोस. तिला कलमा राहू दे. मीही तेच सांगेन, कुणीही विचारलं तरी. तुम्हा दोघांच्याच अंगावर होतं ते आता तिघांत वाटलं गेलं, हलकं होईल.

लग्नात कुठलं गाणं लावायचं ह्यावरून काका भांडतील. म्हणतील सादिरच्या घरात असली गाणी नकोत. त्यांना सांग, मुलाची हरकत नाही. जास्त बोलले तर सांग, मुलानेच सांगितलंय. नाचू दे सगळ्यांना. आणि मिर्झा-आके ते एक गाणं लावायला कचरतील, तर तू लाव. तुला वाईट वाटणार असेल तर नको लावूस. तू ठरव.

मी येत नाहीये, हे तुला कळलंच असेल. इथल्या बर्फाच्या कोठारात नोव्हेंबरपर्यंतचा करार केलाय, मोडला तर सीझनचे पैसे कापतात. नाही, खरं लिहितो. करार काल केला. यायचंच असतं तर आलो असतो. पण सगळं गाव अंगणात आणि मी दारात, तेवढं अजून जमणार नाही. हिवाळ्यानंतर बघू. तू रागावशील, रागाव. तुर्सुनाय-आपाने मला काल ह्याच गोष्टीवरून सगळ्यांसमोर झापलंय, त्यामुळे तुझा राग दुसऱ्या नंबरवर आला.

ती आज रात्रीच्या विमानाने बिश्केकला चालली आहे, तिथून ओशला जायच्या आधी वाकडी वाट करून आपल्या गावाला येईल, मी शब्द घेतलाय. तिला पुढच्या सीटवर बसव आणि आईच्या हातचं जेवू घाल. पाहुणे कानातली घेऊन येतील त्या दिवशी आपल्या दारात मेंढा कापायचा तो घरच्या मुलाने, आणि आलेल्यांना अंगावर नवे कपडे घालून परत पाठवायचं तेही त्यानेच. मेंढा काका कापतील, पण मेंढा माझा. लहान घेऊ नकोस. मिर्झा-आकेंच्या आईला मखमलीचा कोट घे, काळा नको, त्यांना गडद लाल शोभेल. मिर्झा-आकेंना स्वतःला पांढरी टोपी, चांगल्या नमद्याची, डोक्याचं माप तुला माहीत असेलच. बाकीच्यांना तू बघ. आपा पाकीट फक्त तुझ्या हातात देईल, काकांच्या नाही. त्यात सत्तर हजार रूबल आहेत.

कुतमान